नवे जोडे गेटापर्यंत

बारा नंबरच्या बुटाचा एक खोका माझ्या दुकानात सतरा वर्षं होता आणि त्यात बूट कधीच नव्हता. गोंदियात बारा नंबरचा पाय मी एकदाच पाहिला. तो रायपूरकडचा ट्रक ड्रायव्हर होता आणि त्याला चप्पल हवी होती. म्हणजे त्या खोक्याला कुणी हात लावणार नाही याची पक्की खात्री, म्हणून मी त्यात मुलींनी पळताना आतून घालायचे घट्ट कपडे ठेवत असे. आताच्या मुली बेधडक स्पोर्ट्स ब्रा म्हणतात आणि साइज सांगतात. त्या काळात दवनीवाड्याहून, आमगावहून, सालेकशाहून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली यायच्या, काउंटरपाशी उभ्या राहायच्या आणि पंख्याकडे बघत बसायच्या. पंख्याकडे बघितलं की मी ओळखायची. सोबत आलेल्या भावाला किंवा बापाला मोज्यांच्या ढिगाशी लावून द्यायचं आणि बारा नंबर खाली काढायचा.

दुकान सासऱ्यांचं. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, वर पत्रा, आत तीन भिंतींना खोकेच खोके. मामंजी राईस मिलच्या हमालांना रबरी बूट, शाळेच्या पोरांना काळे बूट आणि बाकी सगळ्यांना प्लॅस्टिकच्या चपला विकायचे. नव्याण्णव साली त्यांचे गुडघे गेले. माझे यजमान रेल्वेत, त्यांच्या ड्यूटीचा काही भरवसा नाही, त्यामुळे मी गल्ल्यावर बसले. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक आत डोकावायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "भैया नहीं हैं क्या?" मी म्हणायची, "भैया को इंजन का नंबर समझता है, पैर का मुझे समझता है." काही जण हसून आत यायचे. जे परत गेले ते पुढे आपल्या मुलींना घेऊन आले.

पळायचे जोडे आमच्याकडे आले ते भरतीमुळे. आमच्या भागात धानाशिवाय पीक नाही, आणि तीन भावांत वाटली की जमीन म्हणजे नुसत्या बांध्या, धानाची चिमुकली खाचरंच उरतात. मग पोरं पोलिसात, वनखात्यात, फौजेत जायला बघतात. पहाटे गावोगावच्या रस्त्यांवर पोरं पळताना दिसायची. पोलिसाला त्या वेळी मुलांसाठी पाच किलोमीटर आणि मुलींसाठी तीन अशी धाव होती, आणि एकेका सेकंदावर गुण ठरायचे. पळायची कशात? बहुतेक अनवाणी. काही शाळेतल्या पीटीच्या कॅनव्हासमध्ये. एक जण तर मामंजींकडून नेलेल्या रबरी बुटात पळायचा, पाय जड होतात म्हणून. भरतीच्या दिवशी ते काढून टाकले की आपण उडू, असा त्याचा हिशेब होता. तो नंतर एसटीत कंडक्टर झाला.

धंद्यातलं थोडं सांगते, कारण अजूनही लोक चुकतात. जोडा संध्याकाळी घ्यावा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांत घालून बघावा, कारण कुणाचेच दोन पाय सारखे नसतात, आणि मोठ्या पायाचं ऐकावं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जोडा हातात धरून वाकवला की बोटं जिथे वाकतात तिथे वाकायला हवा, कंबरेत मोडला तर ठेवून द्यावा. पैसे कमी असतील तर कपड्यात वाचवा. धानाच्या बियाण्यावर फुकट मिळालेला बनियनही पळायला चालतो, फक्त जाड सुती नको, तो घाम पिऊन बसतो. सरसर वाजणाऱ्या नायलॉनच्या पँटवर तर पैसे घालवूच नयेत, त्यात मांड्या भाजतात. मोज्यात मात्र कंजुषी नको. आणि जोड्यातही वाचवायचंच असेल तर रंगात वाचवा. नागपूरला ठोक बाजारात जे रंग कुणी उचलत नाही ते अर्ध्या भावात मिळतात. मी पोपटी, जांभळा, हळदीसारखा पिवळा असा माल मुद्दाम आणायची. आमच्या भागातले कितीतरी पोलीस पोपटी जोड्यांवर पोलीस झालेत, हे त्यांच्या बायकांनाही माहीत नसेल.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर पानं पुरायची नाहीत. एक राईस मिलवाले शेठ होते. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं म्हणून दुकानातला सगळ्यात महाग जोडा घेऊन गेले. महिन्याने त्यांचा ड्रायव्हर आला, जोड्याचा तळ झिजला म्हणून. मी म्हटलं, शेठजी भारी चालतात. तो म्हणाला, "शेठजी कार में बैठते हैं, भाभी. मुझे बोलते हैं तू चल, मैं पीछे से आता हूँ." वजन ड्रायव्हरचं उतरलं.

दुसरा नागझिऱ्याचा गाईड. त्याने दुकानातले सगळे जोडे जमिनीवर चालवून बघितले, तेही कान लावून. त्याला आवाज न करणारा जोडा हवा होता. मी म्हटलं, "वाघाले ऐकू येते का?" तो म्हणाला, "वाघाले तर येतेच जी. पन चितळाले आधी येते, ते पळते, मग पाव्हनं माह्यावर चिडते." शेवटी त्याने सगळ्यात स्वस्त, मऊ तळाचा मातकट जोडा घेतला. दर वर्षी तोच मागायला यायचा, आणि कंपनीने तो बंद केला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कंपनीला नावं ठेवली.

आता मूळ गोष्टीवर येते.

आमच्याकडे नवी वस्तू लगेच वापरत नाहीत. साडी असो, सायकल असो, तिला हळदकुंकू लागतं आणि ती चांगल्या दिवसासाठी राखून ठेवतात. जोड्यांचंही तसंच. पोरं वर्षभर अनवाणी पळायची आणि भरतीच्या आदल्या दिवशी बापाला घेऊन दुकानात यायची. रात्रभर जोडे खोक्यात, देवळीच्या खाली. सकाळी मैदानावर पहिल्यांदा पायात. माझी सगळ्यात जास्त विक्री भरतीच्या आदल्या संध्याकाळी व्हायची. नवा जोडा चावतो हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? शाळेच्या बुटाच्या वेळी मी प्रत्येक आईला सांगायची, आठवडाभर घरात घालू द्या. भरतीवाल्यांना मात्र कधी सांगितलं नाही. दुकान भरलेलं असायचं, बापांचे चेहरे उजळलेले असायचे, आणि मला वाटायचं, एवढ्या मोठ्या दिवशी नवं घालावंसं वाटणारच.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास अशाच एका संध्याकाळी दवनीवाड्याचे टेकचंदभाऊ मुलाला घेऊन आले. मुलगा युवराज. सडपातळ, गप्प, आणि पाय असा की बघत राहावं. पंजा रुंद, बोटं मोकळी पसरलेली, टाच शिंपल्यासारखी कडक. वर्षानुवर्षं अनवाणी पळालेला पाय. गावात त्याच्या पुढे कुणी नाही, असं टेकचंदभाऊंनी मला तीनदा सांगितलं.

"बाई, साऱ्यात चांगला काढा. शेवटचं वर्ष आहे त्याचं, यंदा वयाची अट संपते."

मी पांढरा, निळ्या पट्टीचा जोडा काढला. तो जरा अरुंद होता, हे माझ्या लक्षात आलं. रुंद पंजाचा त्या नंबरात शिल्लक नव्हता. युवराजने पाय घातला, दोन पावलं टाकली आणि बापाकडे बघून मान हलवली.

"आजच घालून पाहू द्यू का घरी?" टेकचंदभाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही भाऊ. आज देवापुढे ठेवा. सकाळी घालू द्या."

ते खूश झाले. वर मी त्याला नाडीची दुहेरी गाठ शिकवली, पळताना सुटू नये म्हणून.

पंधरा दिवसांनी युवराज एकटाच आला. हातात पिशवी.

"काकू, हे बदलून द्या ना. लहान्या बहिनीच्या मापाचे."

वापरलेला जोडा बदलून मिळत नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयारच असतं. ते म्हणता म्हणता मी जोडा हातात घेतला. टाचेच्या आत अस्तर फाटलं होतं आणि त्याच्याभोवती वाळलेल्या रक्ताचा काळपट डाग होता. दोन्ही जोड्यांत.

"काय झालं रे?"

"तिसऱ्या फेरीत टाच सोलली. म्हटलं काढून फेकावं अन् खाली पायानं पळावं. बसलो, तर गाठ सुटेना."

"मग?"

"मग काय, पळलो तसाच. थोडक्यात गेली."

तो रागाने बोलत नव्हता. आज बाजारात काय भाव होता हे सांगावं तसं सांगत होता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. अरुंद जोडा माझा, देवापुढे ठेवा म्हणणारी मी आणि न सुटणारी गाठही मीच शिकवलेली. मी त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन तो म्हणाला, "एक आहे काकू. बाबाले नका सांगू. मी त्याले सांगितलं का पोटात गोळा आला म्हनून."

"काऊन?"

"जोडे त्यानं घेतले ना हौसेनं. आता काय त्याले सांगू का तुमच्या जोड्यानं गेली?"

मी कबूल केलं. कुणालाही सांगणार नाही म्हणाले, आणि या दिवाळीत हे लिहायला बसेपर्यंत सांगितलंही नाही. नावं मी बदलली आहेत. गाव दवनीवाडाच असेल असंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीला घेऊन आला. हेमलता. भाऊ जेवढा गप्प तेवढी ही बोलकी. तिच्या मापात रुंद पंजाचा एकच जोडा होता आणि तो पोपटी होता.

"काकू, याच्यात मी पोपट दिसीन."

"पोपट दिसशील, पण टाच शाबूत राहील. आणि ऐक, हे खोक्यात ठेवायचे नाहीत. आजपासून घालायचे. चिखलात, धुळीत, रोज."

"माय देवाजवळ ठेवन म्हनते."

"तर देवालाच एक फेरी मारून आण म्हणावं."

युवराज त्या दिवशी पहिल्यांदा हसला. दोघं भाऊबहीण रोज सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर जायची. ती पळायची आणि तो हातात घड्याळ घेऊन उभा राहायचा.

मी दुकानात पाटी लावली : भरतीच्या आदल्या दिवशी नवे जोडे मिळणार नाहीत. महिनाभर आधी न्या. यजमानांनी ती वाचली आणि विचारलं, "दुकान चालवून राहिली का बंद करून राहिली?" प्रश्न रास्त होता. पाटीनंतरच्या पहिल्या, फौजेच्या भरतीला माझं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, आणि समोरचा दुकानदार मला हात जोडून नमस्कार करायचा, मनापासून. मग मी दुसरी युक्ती काढली. झिजलेला तळ आणून दाखवा, पुढच्या जोडीवर सूट घ्या. ही गोष्ट मात्र पसरली. रविवारी पोरं-पोरी यायची आणि काउंटरवर जोडे उलटे टाकायची. आमगावच्या एका हुशार पोराने तळ फरशीवर घासून आणला. मी त्याला समजावलं, बाबा, पळून झिजलेला तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि अंगठ्याखाली झिजतो. तुझा तर पोळपाटासारखा सगळीकडून झिजलाय. सूट दिली नाही. पुढच्या महिन्यात तो खरा झिजवून घेऊन आला.

हेमलता दर महिन्याला यायची. बोलण्याआधी जोडा उलटा टाकायची. "पाहा." मी बघायची. तिची टाच कमी आणि पंजा जास्त झिजायचा, चांगलं पळणाऱ्याचं ते लक्षण. वेळ किती लागतो ते ती मला सांगायची आणि मला त्यातलं कळत नसलं तरी युवराजच्या तोंडावरून कळायचं. एवढ्या वर्षांत मी हजारो जोडे विकले असतील, पण एखादा जोडा कुठपर्यंत जातो याची वाट अशी कधी बघितली नव्हती. ती पास झाली तर युवराजचं परत येणार नव्हतं, हे मला समजत होतं. तरी ती पास व्हावी, असं मला फार वाटायचं.

दीड वर्षाने पोलीस भरती निघाली. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास टेकचंदभाऊ हेमलताला घेऊन दुकानात आले. तिच्या हातात पोपटी जोडे होते आणि उजव्या जोड्याचा तळ पुढून सुटला होता. बांध्यातल्या पाण्याने डिंक सुटला होता.

"बाई, नवे द्या," टेकचंदभाऊ म्हणाले. "पैसे आनले आहेत."

"भाऊ, नवे नाही देत मी आज. हेच तासाभरात चिकटवून, शिवून देते. दीड वर्ष पायाला लागलेत तिच्या."

"शिवलेले?" त्यांचा आवाज चढला. "अख्ख्या जिल्ह्याच्या पोरी येतील, साहेब लोक बसतील, अन् माही पोट्टी शिवलेल्या जोड्यानं पळन?"

मी समजावत गेले. नवा जोडा चावतो, पाय धरतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुमीच म्हनलं होतं मागं, याच दुकानात. देवापुढं ठेवा, सकारी घाला. माह्या युवराजनं तसंच केलं. त्याच्या पोटात गोळा आला, ते नशीब. जोड्यानं काय वाकडं केलं त्याचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. एका वाक्यात ते गप्प झाले असते. पण ते वाक्य घेऊन त्यांना घरी जावं लागलं असतं, मुलाच्या समोर बसावं लागलं असतं. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "दुकानाचा नियम आहे, भाऊ."

"असा कसा नियम? दुकान आहे का कचेरी?" म्हणत ते पायऱ्या उतरले आणि थेट समोरच्या दुकानात शिरले. हेमलता त्यांच्या मागे गेली. जाताना पोपटी जोडे तिने माझ्या काउंटरवरच ठेवले. विसरली नव्हती. मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं.

दुकानासमोर सुखदेव बसायचा, जोडे शिवणारा. मी त्याला म्हटलं, हातातलं सगळं बाजूला ठेव. त्याने तळ घासून साफ केला, डिंक लावला, दगडाखाली दाबून ठेवला आणि मग पुढून अख्ख्या गोलाईने दुहेरी शिवण घातली. मी तिथेच स्टुलावर बसून होते. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. सुखदेव म्हणाला, "बाई, तुमी पाहून राहिल्या म्हनून सुई जल्दी नाही चालत." तरी मी उठले नाही.

शटर पाडायच्या आधी युवराज सायकलवर आला. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला, जोडा वाकवून बघितला आणि पिशवीत टाकला.

"बाबा?" मी विचारलं.

"बाबानं समोरून नवे घेतले. पांढरे. आता देवापुढं आहेत." मग म्हणाला, "हेमलता ते गेटापर्यंत घालून जाईल. पुढचं मी पाहतो."

मैदानावर मी नव्हते. हेमलताने नंतर सांगितलं ते असं. सकाळी टेकचंदभाऊंनी स्वतः तिच्या पायात पांढरे जोडे घातले, नाड्या बांधल्या, डोक्यावर हात ठेवला. गेटाच्या आत फक्त उमेदवारांना जाऊ देतात. ती आत गेली, कागद तपासले, उंची मोजली, छातीवर नंबर लागला आणि धावेच्या रांगेत बसल्यावर तिने युवराजने दिलेल्या पिशवीतून पोपटी जोडे काढले. बाजूच्या मुलीने विचारलं, नवे काढून फाटके काऊन घालून राहिली? ती म्हणाली, माहे पाय या जोड्यायलेच ओळखतात. बाहेर कंपाउंडच्या भिंतीवरून मैदान दिसतं. टेकचंदभाऊ टाचा उंचावून बघत होते. पोपटी रंग अर्ध्या किलोमीटरवरून दिसणारा. युवराजने त्यांना सांगितलं, पोरींचं नंतर आहे, अजून वेळ आहे, आणि नाश्त्याला घेऊन गेला. बापाने आलूबोंडा खाल्ला तेवढ्यात लेकीचे तीन किलोमीटर संपले होते.

ती तिच्या गटात दुसरी आली. टाच शाबूत, शिवण शाबूत. मग तिने जोडे बदलले, आणि मैदानावरचा लाल मुरूम मुठीत घेऊन नव्या जोड्यांवर वरून खालून चोळला. पांढरे जोडे पळाल्याशिवाय मळत नाहीत, हे तिला माहीत होतं. ती बाहेर आली तेव्हा टेकचंदभाऊंनी आधी तिचे पाय बघितले.

यादी लागली तिच्यात तिचं नाव होतं. ते कळलं तेव्हा मी एका बाईच्या पायात सँडल घालत होते. मला रडू आलं आणि त्या बाईला वाटलं की तिच्या पायात काही आहे.

पेढे घेऊन टेकचंदभाऊच आले. मागे हेमलता, तिच्या मागे युवराज. भाऊंनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल असं बोलले, "पाहा बाई. नवे जोडे घातले म्हनून लागली पोट्टी. तुमी तर देत नव्हत्या."

दुकानात चार-पाच भरतीवाली पोरं होती. ज्यांना मी वर्षभर ओरडून सांगत होते तीच. सगळी माझ्याकडे बघायला लागली. हेमलता खोक्यांवरचे नंबर वाचत होती, अगदी मन लावून. युवराज माझ्याकडे बघत होता. मी पेढा तोंडात घातला, गिळला आणि म्हटलं, "चुकलं भाऊ माझं."

"होते कधी कधी," त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. "ते पाटी काढून टाका आता."

पाटी मी काढली नाही. पण त्या महिन्यात चार पोरांनी आदल्या दिवशी समोरून नवे जोडे घेतले आणि हेमलता जुन्याच जोड्यांवर पळाली हे मला त्यांना एकेकाला गाठून, कानात, शपथ घालून सांगावं लागलं.

खरी गंमत पुढेच झाली. टेकचंदभाऊंनी ते पांढरे जोडे पुसून परत खोक्यात ठेवले आणि ते पावणारे जोडे झाले. गावातली कुठलीही मुलगी भरतीला निघाली की भाऊ खोका घेऊन तिच्या घरी हजर. नंबर लहान असो की मोठा, पायात घालायचेच. मुलींना नाही म्हणता येत नसे. त्या माझ्याकडे यायच्या, आणि आता पंख्याकडे न बघता सरळ विचारायच्या, "काकू, टेकचंदबाबानं जोडे देल्ले. दोन नंबर मोठे आहेत. काय करू?"

"गेटापर्यंत घाल," मी सांगायची. "आपले पिशवीत ठेव. येताना मुरूम चोळायला विसरू नको."

युवराज एव्हाना नहराच्या पाळीवर गावातल्या सगळ्याच मुलींना पळवायला लागला होता. शेती सांभाळून, सकाळी दोन तास. त्याच्या पोरी वनखात्यात गेल्या, पोलिसात गेल्या. काही नाही गेल्या, त्या पुन्हा तळ दाखवायला आल्या. प्रत्येक भरतीला टेकचंदभाऊ त्या गेटावर उभे, काखेत रिकामा खोका धरून.

दुकान बंद करायच्या वर्षी युवराज आला होता. त्याची कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. मी त्याला म्हटलं, आता किती वर्षं झाली, तुझी बहीण हवालदार झाली, आता सांगायला काय हरकत आहे बाबांना? मलाच ते ओझं झालं होतं. खरं सांगायचं तर त्या पेढ्याच्या दिवशीचा अपमानही मी विसरले नव्हते.

त्याने मान हलवली. "कायले सांगता काकू? माह्या वेळेस बाबा गेटावर उभा होता. मी पोट धरून वाकत वाकत बाहेर आलो, ते त्यानं पाह्यलं. दोन दिवस जेवला नाही. आता दर भरतीले एक तरी पोट्टी त्याचे जोडे घालून हासत बाहेर येते. पाहू द्या ना त्याले."

मग त्याने पिशवीतून तो खोका काढला. एकदा बघून द्या म्हणून बाबांनी पाठवलाय म्हणाला, उद्या भरती आहे. मी जोडे काढून उलटे धरले. तळाची नक्षी कारखान्यातून आली तशीच्या तशी होती. नाड्या मात्र गेटाशी बांधून आणि आत सोडून सोडून झिजल्या होत्या, एक तर तुटायलाच आली होती. मी ड्रॉवरमधून नव्या पांढऱ्या नाड्या काढल्या आणि ओवून दिल्या.